वाचकांचे प्रश्न : तांदळाच्या भावाशी झगडलेला शोगुन

मागच्या अंकात जपानचा आठवा तोकुगावा शोगुन योशिमुने याच्यावर एक चौकट छापली होती. लोक त्याला ‘कोमे-कुबो’ म्हणजे तांदळाचा शोगुन म्हणत, एवढंच तिच्यात होतं. त्यावर धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. बहुतेक शेतकऱ्यांची, आणि बहुतेकांचा रोख भावाकडे आणि सारावसुलीकडे. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (साक्री तालुका): हाऊ शोगुन म्हंजे राजा व्हता का? मंग जपानना बादशहा कोन व्हता?

उत्तर: सम्राट वेगळा. तो क्योतोला राहायचा. मान सगळा, सत्ता नाही. शोगुन म्हणजे सेनापती, पण प्रत्यक्ष राज्य त्याचं. तो एदोला, म्हणजे आजच्या तोक्योत, बसायचा. शोगुनपदाची वस्त्रं सम्राटाकडून येत आणि पद घराण्यात चाले. साताऱ्याला छत्रपती आणि पुण्याला पेशवे, हे डोळ्यांसमोर आणलंत तर निम्मं कळेल. फरक असा की शोगुनची स्वतःची जमीन, स्वतःची फौज आणि स्वतःच्या खाणी होत्या. काळही तोच आहे. योशिमुने १७१६ ते १७४५ शोगुन होता. आपल्याकडे तेव्हा शाहू महाराज आणि थोरले बाजीराव.

योशिमुनेला हे पद मिळणं अपेक्षित नव्हतं. जन्म १६८४चा, किई संस्थानच्या दाइम्योचा, म्हणजे संस्थानिकाचा, धाकटा मुलगा, आई साध्या घरातली. १७०५ या एकाच वर्षात वडील आणि दोन थोरले भाऊ गेले आणि किईची गादी याच्याकडे आली. १७१६ मध्ये सातवा शोगुन इएत्सुगु वयाच्या सातव्या वर्षी वारला. थेट वंश खुंटला, म्हणून ओवारी, किई आणि मितो या तीन भाऊबंद घराण्यांतून वारस शोधला गेला आणि योशिमुने ३१व्या वर्षी शोगुन झाला. मूळ पुरुष इएयासुचा तो पणतू. किईचं डबघाईला आलेलं संस्थान त्याने खर्च आवरून वर काढलं होतं, ते त्याच्या कामी आलं.

प्रश्न (चोपडा): चौकटीत ‘कोकू’ हे माप होतं. आपल्या हिशेबात ते किती?

उत्तर: एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, तांदळाच्या वजनात अंदाजे दीड क्विंटल. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, असा त्यामागचा ढोबळ ठोकताळा. १० शो म्हणजे १ तो, १० तो म्हणजे १ कोकू.

मात्र एक घोळ टाळा. ‘किई ५ लाख ५५ हजार कोकूंचं’ म्हणतात तेव्हा तेवढा तांदूळ दाइम्योच्या कोठारात येत नसे. ती जमिनीची ठरवलेली उत्पादनक्षमता. त्यातला ४० ते ५० टक्के हिस्सा सारा म्हणून यायचा, बाकी शेतकऱ्याकडे राहायचा. शिवाय आकडा एकदा नोंदला की पुढे नदीने जमीन खाल्ली तरी कागदावर तोच. जुना सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. १० हजार कोकूंच्या वरचा तो दाइम्यो. शोगुनची खासगत जमीन ४० लाख कोकूंच्या घरात होती.

प्रश्न (अमळनेर, पारोळा आणि धरणगावहूनही असाच प्रश्न): एवढी जमीन आणि एवढा तांदूळ असून शोगुनला पैशाची चणचण का? पीक वाढवूनही तो का अडचणीत आला?

उत्तर: कारण मिळकत तांदळात आणि खर्च पैशात. त्याच्या कारभाराचं मूळ दुखणं हेच.

एक सामुराई, म्हणजे शोगुनच्या पदरचा योद्धा, घ्या. वर्षाचं वेतन १०० पोती. शोगुनशाहीचं पोतं साडेतीन तोचं, म्हणजे एकूण ३५ कोकू, साधारण ५२ क्विंटल तांदूळ. हा एकदम मिळत नसे. एदोच्या आसाकुसा भागातल्या सरकारी कोठारांतून वसंतात पाव, उन्हाळ्यात पाव आणि हिवाळ्यात अर्धा, असे तीन हप्ते. घरात पाच कोकू खाल्ले तर उरलेले तीस विकायचे, आणि त्या पैशातून तेल, मीठ, कापड, सरपण, नोकराचा पगार. समजा कोकूला ६० मोम्मे (हे चांदीचं वजनमाप) चांदी भाव आहे, तर हातात १८०० मोम्मे. भाव ४० वर आला की तेच तांदूळ, तेच पोतं, पण १२००. तेलाचा भाव मात्र जागच्या जागी. कापूस सात हजारांवरून पाच हजारांवर येतो आणि खताची गोणी तिथेच राहते, हा हिशेब खान्देशात कुणाला समजावायची गरज नाही.

योशिमुनेच्या काळात नेमकं हेच झालं, आणि त्याला थोडाफार तोच कारणीभूत होता. १७२२ मध्ये त्याने एदोच्या निहोम्बाशी पुलाजवळ जाहीर फलक लावून नवी जमीन लागवडीखाली आणायचं आवाहन केलं. सावकार, व्यापारी यांनाही त्यात भांडवल घालायची मुभा दिली. जमीन वाढली, तांदूळ वाढला, बाजारात आवक वाढली, भाव पडला. त्याच सुमाराला नाण्यांत सोन्या-चांदीचं प्रमाण वाढवून ठेवलं होतं, त्यामुळे चलन आखडलेलं. दोन्ही बाजूंनी भाव खाली. सामुराई मग ‘फुदासाशी’कडे जात. हे वेतनाचा तांदूळ उचलून विकून देणारे दलाल. पुढच्या हप्त्यावर उचलही देत. १७२४ मध्ये अशा १०९ जणांच्या संघाला सरकारी मान्यता मिळाली. अडत्याने उचल द्यायची आणि पुढचा माल त्यालाच घालायचा, हा आपल्याकडचा रिवाज त्याच जातीचा.

शोगुनने जे उपाय केले त्यांतले दोन पाहण्यासारखे आहेत. पहिला, १७२२चा ‘आगेमाई’. प्रत्येक दाइम्योने दर १० हजार कोकूंमागे १०० कोकू तांदूळ सरकारात भरायचा. बदल्यात त्यांचा एदोतला सक्तीचा मुक्काम वर्षावरून सहा महिन्यांवर. पैसा आला, पण ज्या मुक्कामाच्या जोरावर दाइम्यो मुठीत राहत तीच मूठ सैल झाली. म्हणून १७३० मध्ये ही पद्धत बंद करायचं ठरलं.

दुसरा उपाय ओसाकाच्या दोजिमा बाजाराचा. तिथे तांदळाची पोती न हलवता पावत्यांवर सौदे चालत. एक पावती १० कोकूंची, म्हणजे १५ क्विंटलची. आधी सरकारला हा सट्टा वाटायचा आणि त्यावर बंदी यायची. १७३० मध्ये योशिमुनेने त्याला रीतसर परवानगी दिली. हेतू सरळ होता: खरेदीदार वाढले की भाव चढेल. सौदे दोन प्रकारचे. एक रोखीचा, पावतीच्या बदल्यात प्रत्यक्ष माल. दुसरा ‘चोआइमाई’, म्हणजे वहीतला. यात माल कधीच हलत नसे. ठरलेल्या जातीच्या तांदळावर भाव लावायचा आणि हंगाम संपला की फरक तेवढा चुकता करायचा. जगातल्या सर्वांत जुन्या संघटित वायदे बाजारांत दोजिमाचं नाव घेतात ते यामुळे.

दिवसाचा बंद भाव ठरवायची रीतही झकास. पेटीत वातीची दोरी पेटवून ठेवायची. ती विझताना जो भाव चालू असेल तो त्या दिवसाचा ‘वातीचा भाव’. त्यानंतरही लोक ओरडत राहिले तर बाजाराचे पाणके बादलीने अंगावर पाणी उडवून त्यांना पांगवत. बाजार समितीच्या लिलावात ही सोय नाही, हे बरंच.

यातही घोटाळे होत. दाइम्यो पैशाच्या गरजेपोटी कोठारात तांदूळ नसताना पावत्या काढत. अशा ‘पोकळ’ पावत्यांची कुणकुण लागली की सगळे एकदम माल मागायला धावत. भावही शोगुनच्या मनासारखा चढला नाही. १७३५ मध्ये त्याने किमान दर जाहीर करून पाहिला, हमीभावच म्हणा. पण ठरलेल्या दराने सगळा तांदूळ उचलायला सरकारच उभं नव्हतं, त्यामुळे तो टिकला नाही. शेवटी १७३६ मध्ये नाण्यांतलं सोनं कमी केलं. कोबान हे सोन्याचं नाणं पूर्वी सुमारे १७.८ ग्रॅमचं होतं, ते १३.१ ग्रॅमवर आणलं आणि शुद्धताही उतरवली. चलन वाढलं आणि भाव सावरला. वीस वर्षं काटकसर सांगणाऱ्या माणसाला नाणं हलकं करावं लागलं. आमच्या मते त्याच्या सगळ्या उपायांत भावावर लागू पडलेला उपाय हाच एक.

प्रश्न (शिरपूर): तिथेही पैसेवारी काढत का? सारा कसा ठरायचा?

उत्तर: काढत. ‘केमी’ म्हणजे पीकपाहणी. गावातली शेतं उत्तम, मध्यम, हलकी अशी लावलेली असत. अधिकारी येऊन प्रत्येक प्रतीतल्या एखाद्या शेतात एक ‘त्सुबो’ जागा आखे. त्सुबो म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर, साधारण सहा फूट बाय सहा फूट. तेवढंच पीक कापायचं, झोडायचं, भरडायचं, मापायचं. ३०० त्सुबोंचा एक ‘तान’, म्हणजे जवळपास दहा गुंठे. तीनशेने गुणलं की तानाचं उत्पादन. पीकविम्याचा कापणी प्रयोग याच तत्त्वावर चालतो.

बिघडायचं कुठे? पाहणी होईपर्यंत पिकाला विळा लावायचा नाही. अधिकारी चार गावं फिरून उशिरा आला की दाणे गळत, पाऊस येई. त्याच्या मुक्कामाचा, जेवणाचा खर्च गावावर. आणि चौकट आखताना काठी कुठे टेकते यावर सगळं, म्हणून पाहुणचार जरा जास्तच व्हायचा.

योशिमुनेने ठिकठिकाणी ‘जोमेन’ आणलं. मागच्या काही वर्षांची सरासरी काढून सारा ठरावीक वर्षांसाठी पक्का करायचा. पीक कमी येवो वा जास्त, आकडा तोच. सरकारला अंदाजपत्रक बांधता येई. शेतकऱ्याला जास्तीचं पीक स्वतःकडे ठेवता येई, पण पडत्या वर्षाचा मारही त्याच्यावरच. मोठं नुकसान झालं तर अर्ज करून फेरपाहणीची सोय होती. पुढे खजिन्याचे अधिकारी सारा निम्म्यापर्यंत नेऊ लागले. १७४४ मध्ये वसुली १८ लाख कोकूंवर गेली, अख्ख्या शोगुनशाहीतला उच्चांक. शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर त्या आकड्याचं कौतुक वाटत नाही.

प्रश्न (यावल): सावकारी कर्जाचं त्याने काय केलं?

उत्तर: दोन हुकूम, दोन्ही फसले. १७१९ मध्ये पैशाच्या देण्याघेण्याचे दावे कचेरीत घेणं बंद केलं. आपसात मिटवा म्हणाले. कचेऱ्या त्या दाव्यांनी तुंबल्या होत्या हे खरं. पण देणेकऱ्याला वाटलं आता देणंच नाही, आणि सावकाराने नवं कर्ज आखडतं घेतलं. १७२९ मध्ये ती पद्धत मागे घ्यावी लागली. १७२२ मध्ये गहाण जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून आदेश काढला. एचिगो आणि देवा प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी त्याचा अर्थ ‘जुन्या गहाण जमिनी परत मिळणार’ असा घेतला आणि थेट ताबे घ्यायला सुरुवात केली. दंगे मोडून काढले, शिक्षा झाल्या आणि १७२३ मध्ये आदेशच रद्द झाला. हुकमाची भाषा मोघम असली की गावात तिचा एकच अर्थ निघतो, ज्याला जो हवा तो.

प्रश्न (रावेर): रताळं त्याने जपानात आणलं असं वाचलं. खरं का? लागवड कशी करत?

उत्तर: आणलं नाही, पूर्व भागात पसरवलं. रताळं र्‍युक्यु बेटांवरून दक्षिणेतल्या सात्सुमात आधीच पोचलं होतं. जपानी लोक आजही त्याला ‘सात्सुमा-इमो’ म्हणतात. १७३२ मध्ये पश्चिम जपानात भात बुडालं, तेव्हा रताळं पिकणाऱ्या सात्सुमाला फारशी झळ बसली नाही. हे एदोत नजरेत भरलं. १७३५ मध्ये आओकी कोन्यो या पंडिताला शोगुनने काम दिलं आणि कोइशिकावाच्या सरकारी औषधी बागेत व आजच्या चिबा भागातल्या माकुहारीत चाचणी लागवड झाली. कोन्योने लागवडीवर छोटी पुस्तिका लिहिली. लोक त्याला ‘रताळे गुरुजी’ म्हणू लागले.

खरी अडचण लागवडीची नव्हती, बेण्याची होती. रताळं थंडी सोसत नाही. १० अंशांच्या खाली काही दिवस राहिलं की आतून काळं पडतं आणि वसंतात काढायला जावं तर लगदा. एदोचा हिवाळा सात्सुमापेक्षा कडक. उपाय असा: पाणी न साचणाऱ्या उंच जागी खड्डा, तळाला भाताचं तूस किंवा पेंढा, जखम नसलेलीच रताळी, वर पेंढा आणि मातीचा थर, आणि वाफ जायला वाट. रताळ्याला १३ ते १५ अंश मानवतं. थंडी सरली की उबदार वाफ्यात बेणं लावायचं, कोंब हातभर झाले की छाटून सरीवर लावायचे.

रावेर-यावलकडे अडचण उलटी. तुमच्याकडे थंडीने सडत नाही, उन्हाळ्याने कोंब फुटतात. त्यामुळे कंद साठवण्यापेक्षा वेल जिवंत ठेवणं सोपं. २० ते ३० सेंटिमीटरचा, तीन-चार डोळ्यांचा शेंड्याकडचा तुकडा, मधले डोळे मातीत, शेंडा बाहेर. सरी उघडी पडू देऊ नका. भेगांतून सोंड्या भुंगा आत शिरतो आणि महाशिवरात्रीला बाजारात नेलेलं रताळं कडू लागतं ते त्यामुळे.

प्रश्न (नवापूर): १७३२चा तो दुष्काळ पावसाअभावी पडला का?

उत्तर: नाही, पाऊस जास्तीच होता. लांबलेला पाऊस, गारवा, आणि त्यावर तुडतुड्यांची धाड. भाताचे हे तुडतुडे जपानच्या हिवाळ्यात टिकत नाहीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पावसाच्या वाऱ्यांबरोबर समुद्रापलीकडून दरवर्षी नव्याने येतात. म्हणून एखाद्या वर्षी अचानक ढगासारखे. खोडाच्या बुडाशी बसून रस शोषतात आणि शेत वर्तुळावर्तुळांनी करपतं. तेव्हाच्या लोकांना हे ठाऊक नव्हतं. रात्री मशाली पेटवून, ढोल बडवून किड्यांची मिरवणूक गावाबाहेर घालवत. सरकारी नोंद १२ हजारांवर मृत्यूंची आहे. दाइम्यो आपल्या मुलखातलं अपयश झाकत, तेव्हा खरा आकडा बराच मोठा असणार.

पुढे व्हेल माशाचं तेल वापरायची रीत पसरली. शेतात पाणी धरायचं, त्यावर तेल थेंब थेंब सोडायचं, पातळ तवंग पसरला की झाडूने किंवा बांबूने रोपं हलवायची. तुडतुडे पाण्यात पडतात, तेलाने त्यांची श्वासाची छिद्रं बुजतात. मग ते पाणी काढून टाकायचं. तवंग तुटक राहिला किंवा शेत कोरडं असलं तर उपयोग शून्य. तुमच्या भातात मात्र हा प्रयोग करू नका. पाण्यातले मित्रकीटकही त्यात मरतात.

दुष्काळ पश्चिमेला, पण एदोतून धान्य तिकडे वळलं म्हणून एदोत भाव भडकले. वर्षभरापूर्वीपर्यंत शोगुन भाव चढावा म्हणून धडपडत होता! १७३३च्या सुरुवातीला जमावाने ताकामा देन्बेई या तांदूळ व्यापाऱ्याची पेढी फोडली. भाव वाढवण्याच्या सरकारी धोरणातला हा मोठा माणूस. एदोतली ही तशी पहिली लूट.

प्रश्न (पिंपळनेर): पाटबंधारे काय केले?

उत्तर: बरेच, एकाबद्दल सांगतो. एदोच्या उत्तरेला मिनुमा नावाचा मोठा साठवण तलाव होता. किईहून बोलावलेल्या इझावा यासोबेई या इंजिनिअरने तो रिकामा करून तळ लागवडीखाली आणला, सुमारे १२०० हेक्टर. तलावाचं पाणी ज्यांना मिळायचं त्यांच्यासाठी तोने नदीवरून जवळजवळ ६० किलोमीटरचा कालवा आणला. १७२७च्या शरदात सुरुवात आणि १७२८च्या वसंतात पाणी. शेतीची कामं नसलेल्या सहा महिन्यांत काम आटोपलं. वाटेत एक नदी आली तिथे कालवा तिच्या खालून नळासारखा नेला, दुसरी आली तिथे लाकडी पन्हळ टाकून वरून. नळ गाळाने भरे, पन्हळ कुजे, म्हणून दोन्हींची दुरुस्ती गावांच्या वाट्याला कायमची आली. आपल्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे गावांच्या सामाईक पाटपाण्यात, बंधाऱ्याचा गाळ काढायला प्रत्येक फडातून माणूस जातो, तसंच. फरक एवढाच की आपले फड गावांनी स्वतः बांधले, तो कालवा सरकारने.

प्रश्न (भुसावळ): लाकडी घरांच्या शहरात आग कशी विझवत?

उत्तर: पाण्याने नाही, घरं पाडून. विहिरीच्या बादल्या लाकूड आणि कागदाच्या वस्तीला पुरत नाहीत. वारा ज्या दिशेला वाहतो तिकडची घरं आकड्यांच्या काठ्यांनी ओढून पाडायची आणि आगीच्या वाटेत रिकामा पट्टा करायचा. त्यामुळे जवान म्हणून घेतले ते ‘तोबी’, म्हणजे बांधकामावरचे उंचावर चढणारे मजूर. बांधायला येतं त्याला कुठली खुंटी काढली की घर बसतं हे कळतं.

योशिमुने आणि त्याचा एदोचा नगर-न्यायाधीश ओओका तादासुके यांनी नागरिकांची दलं उभी केली. १७२०मध्ये सुमिदा नदीच्या पश्चिमेला ‘इरोहा’ वर्णमालेनुसार ४७ दलं झाली, पुढे ४८. काही अक्षरं टाळली. ‘हि’ म्हणजे आग, अग्निशामकाला ते नाव कसं चालेल? आणि ‘हे’ म्हणजे पाद. त्यांच्या जागी शंभर, हजार, दहा हजार असे आकडे दिले. प्रत्येक दलाचा एक निशाणवाला ‘मातोई’ घेऊन छपरावर चढे. तो उभा आहे तिथे आग थोपवायची, असा संकेत. गडबड होई ती वाऱ्यामुळे. ठिणग्या रिकाम्या पट्ट्यावरून उडून पुढची छपरं पेटवत. म्हणून कौलारू छपरं आणि मातीच्या गिलाव्याच्या भिंती यांचा आग्रह धरला. दोन दलांत श्रेयावरून हाणामाऱ्याही होत.

प्रश्न (एरंडोल): सामान्य माणसाला शोगुनपर्यंत तक्रार नेता येई का?

उत्तर: येई. १७२१ पासून एदोच्या न्यायसभेबाहेर तक्रारपेटी ठेवत. महिन्याच्या २, ११ आणि २१ तारखेला. कुलूप बंद, ती शोगुनसमोर नेत आणि तो स्वतः उघडे. अट एक: नाव-पत्ता लिहा. निनावी कागद फाडून टाकत. ओगावा शोसेन या गल्लीतल्या वैद्याने गरिबांसाठी रुग्णालय हवं असं लिहिलं आणि १७२२च्या अखेरीस कोइशिकावाच्या बागेत ते सुरूही झालं. आधी ४० रुग्णांची सोय, औषध आणि जेवण फुकट. ती बाग आज तोक्यो विद्यापीठाचं वनस्पती उद्यान आहे, तिथली त्या काळची विहीर अजून दाखवतात.

ओओकाच्या चतुर न्यायाच्या गोष्टींबद्दलही काहींनी विचारलंय. एकच मूल ओढणाऱ्या दोन आया वगैरे. बहुतेक नंतर चिकटवलेल्या. बिरबलाच्या गोष्टींइतक्याच खऱ्या.

प्रश्न (जळगाव, इयत्ता सातवी): शोगुनने हत्ती मागवला होता, हे खरं आहे का?

उत्तर: खरं. १७२८ मध्ये आजच्या व्हिएतनाममधून नर आणि मादी अशी जोडी नागासाकी बंदरात उतरली. मादी काही महिन्यांतच मेली. नर १७२९ मध्ये एदोपर्यंत चालत गेला. सुमारे १४०० किलोमीटर, दोन महिन्यांहून जास्त. वाटेत क्योतोला सम्राटाने त्याला पाहिलं. शोगुनने पाहून झाल्यावर तो समुद्राकाठच्या बागेत ठेवला. खाण्याचा खर्च मात्र काटकसरी सरकारला जड झाला, तेव्हा १७४१ मध्ये तो एका शेतकऱ्याकडे सोपवला. पुढच्या वर्षी हत्ती मेला. हत्ती पोसायला कोण उभं राहतं हे आपल्याकडच्या देवस्थानांना विचार.

प्रश्न (फैजपूर): तो स्वतः खरंच साधा राहायचा की नुसतं दाखवायला? आणि शेवट कसा झाला?

उत्तर: सुती कपडे आणि मोजकं जेवण हे पक्कं आहे. अंतःपुरातल्या पन्नास सुंदर बायकांना ‘तुम्हाला नवरे मिळतील’ म्हणून घरी पाठवल्याचा किस्सा ऐकायला गोड, पण भरवशाचा नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. ओवारीचा दाइम्यो मुनेहारु उघड म्हणायचा की खर्च झाला तर लोकांना काम मिळतं. नागोयात त्याने नाटकं आणि बाजार फुलवले. १७३९ मध्ये शोगुनने त्याला गादीवरून काढून नजरकैदेत टाकलं. आजचे अर्थशास्त्रज्ञ कुणाच्या बाजूचे असतील ते वाचकांनी ठरवावं.

१७४५ मध्ये योशिमुने पायउतार झाला आणि मुलगा इएशिगे शोगुन झाला. त्याचं बोलणं अडखळत, कुणाला कळत नसे. समजणारा एकच जवळचा माणूस, ओओका तादामित्सु. दुसरे दोन मुलगे जास्त चलाख होते, पण थोरल्याचा हक्क मोडला की पुढे दर पिढीत भांडण होणार हे बाप जाणून होता. धाकट्यांना तायासु आणि हितोत्सुबाशी ही वेगळी घराणी काढून दिली आणि मागे बसून कारभार स्वतः पाहिला.

१७५१ मध्ये तो वारला. नवीन समाधिमंदिरं बांधायची नाहीत असा नियम त्यानेच १७२० मध्ये केला होता. त्यामुळे त्याला उएनोच्या कान-एइ-जी मंदिरात पाचव्या शोगुनच्या, त्सुनायोशीच्या, समाधीच्या आवारातच जागा मिळाली. हा त्सुनायोशी तोच, कुत्र्यांना मारल्याबद्दल माणसांना शिक्षा देणारा. त्याने बंद केलेली बहिरी ससाण्याची शिकार योशिमुनेने गादीवर येताच पुन्हा सुरू केली होती.